वाशाची कुजलेली टोकं कापून नवीन लाकूड जोडता येईल का?

पडवीकर: आमचं कोकणातलं कौलारू घर आहे, वासे सागाचे ३ बाय ३, साडेअकरा फूट. वरचे एकदम खणखणीत पण वळचणीकडचे अडीच फूट पागोळ्यांनी पार कुजलेत, असे नऊ वासे आहेत. आजोबांच्या वेळचा साग आहे, आख्खे वासे फेकायला जीव होत नाही. टोक सरळ कापून दोन डॉवेल (लाकडी खुंट्या) आणि पांढरा ग्लू लावून एक तुकडा जोडून बघितला, दोन दिवसांनी गुडघ्यावर दाबला तर कटकन सुटला. काय चुकलं?

रंधा_पटाशी: लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समज, सरळ कापलंस की सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी, ग्लू आत शोषला जातो आणि सांध्यात काही उरतच नाही. ग्लू धरतो तो उभ्या रेषांच्या अंगाला, म्हणून लांब तिरका काप घ्यायचा, १:८ तरी हवाच, म्हणजे ३ इंचाला २४ इंच. जुना आणि नवा तुकडा एकावर एक ठेव, वरचा २४ इंच मागे सरकवून, क्लॅम्प कर आणि दोन्हीचा उतार एकदमच रंध्याने काढ, मग कोन आपोआप जुळतो. मी बोटीच्या फळ्या अशाच जोडतो, तिथे १:१२ पर्यंत जातो.

सुतारकाम_नाशिक: फिंगर जॉइंट, म्हणजे दोन्ही टोकांना दात पाडून एकमेकांत बसवायचे, तो का नाही? रबरवुडच्या तयार बोर्डात तेच असतं की.

रंधा_पटाशी: ते कारखान्यात कटरने पाडतात आणि भरपूर दाब देऊन बसवतात, हाताने तेवढे दात घट्ट बसणार नाहीत. तिरका कापच बरा. आणि इथे पांढरा ग्लू नको, सतत वजन असलं की तो वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा ग्लू) घे. सागात तेल असतं, त्यामुळे ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसायचं आणि लगेच चिकटवायचं. आधी पातळ हात, तो मुरला की लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला घट्ट हात. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नकोस, सगळं इपॉक्सी बाहेर येईल. उतारावर तुकडे घसरतात म्हणून आधीच दोन बारीक स्क्रू मारून ठेव.

कौलारू: सांधा कुठे येतोय ते बघितलं का कुणी? भिंतीवर आणू नका!! बाहेर लटकणाऱ्या अडीच फुटांचं सगळं वजन वासा भिंतीवरून जातो तिथेच वाशाला वाकवतं. सांधा भिंतीपासून घराच्या आतल्या बाजूला, एक ते तीन फुटांच्या मधे घ्या. म्हणजे नवा तुकडा साडेपाच फुटांचा लागेल, आठ फूट जुना वासा तरी वाचतोच. कौलांखाली उन्हाळ्यात जाम तापतं आणि इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं, त्यामुळे दोन आरपार बोल्ट वॉशरसकट टाकाच. आणि नवा साग सुकलेला हवा, पावसाळ्यात हे काम अजिबात काढू नका.

पडवीकर: भिंतीवरच घेणार होतो, बरं झालं सांगितलंत. परवा उरलेल्या तुकड्यांवर १:८ चा एक सांधा केला, आज दोन विटांवर ठेवून मधे उभा राहिलो, हलला नाही. मग घणाने तोडला तर सांधा तसाच, शेजारचं लाकूड फाटलं. फेब्रुवारीत पहिला वासा उतरवतोय, फोटो टाकतो.