मदत हवी आहे: आईच्या किडनीत ३४ मिमीचा खडा, पीसीएनएल करावं की आरआयआरएस?

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ६३, मधुमेह) डाव्या कुशीत बरेच दिवस जड वाटायचं. कळा कधी आल्याच नाहीत, त्यामुळे कंबरदुखी समजून तिने ते अंगावर काढलं. मग लघवीचा जंतुसंसर्ग बरा होऊन पुन्हापुन्हा उलटायला लागला तेव्हा सीटी स्कॅन केला. ३४ मिमीचा खडा निघाला. किडनीच्या मधल्या पोकळीत बसलाय आणि त्याचा एक फाटा खालच्या कप्प्यात गेलाय. सीटीवरची घनता १२०० हाउन्सफील्डच्या आसपास, म्हणजे खडा कठीण. किडनीला थोडी सूज आहे, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल.

एक यूरोलॉजिस्ट म्हणतात पीसीएनएलच करा, म्हणजे पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा फोडून काढायचा. दुसरे म्हणतात लघवीच्या मार्गाने लेझरने, म्हणजे आरआयआरएसने होईल, पण दोन टप्पे लागू शकतात. 'छिद्र नाही' हे ऐकल्यापासून आई दुसऱ्या बाजूला झुकली आहे. मला मात्र तिला दोनदा भूल देण्याची भीती वाटते. तसंच पाठीतून गेल्यावर रक्तस्राव किती होतो, किडनीला कायमची इजा होते का, हेही कळत नाहीये. ती ऍस्पिरिन घेते, हेही सांगून ठेवते. ज्यांच्या घरी हे झालंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी यूरोलॉजीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. निर्णय डॉक्टरांचाच, पण विचारताना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

२० मिमीच्या वरच्या खड्याला सहसा पीसीएनएल हाच पहिला पर्याय मानतात, कारण एकाच वेळी जास्तीत जास्त खडा बाहेर येतो. एवढ्या मोठ्या आणि कठीण खड्याला बाहेरून लहरी देऊन फोडण्याचा फारसा उपयोग नसतो. आरआयआरएसमध्ये छिद्र नसतं हे खरं, पण एवढा खडा भुगा करायला वेळ लागतो आणि तोवर किडनीत पाणी सोडत राहावं लागतं. खड्यातच जंतू असतील तर त्या दाबाने ते रक्तात जाण्याचा धोका वाढतो. आईंना संसर्ग उलटतोय म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) झालंय का? ते झाल्याशिवाय आणि त्यानुसार अँटिबायोटिक दिल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच करू नका.

छिद्राबद्दल. एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत सुईने नेमक्या कप्प्यात शिरतात, तारेवरून वाट रुंद करतात आणि त्यातून नळी घालतात. नेहमीच्या पद्धतीत ती २४ ते ३० फ्रेंचची असते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, तेव्हा जास्तीत जास्त १ सेंमी. मिनी पीसीएनएलमध्ये त्याहून बारीक असते, रक्तस्रावही कमी होतो, पण मोठ्या खड्याला वेळ जास्त लागतो. वाट योग्य कप्प्यातून गेली तर किडनीचं काम सहसा कमी होत नाही. उलट असा फाटे फुटलेला, संसर्गाचा खडा तसाच राहिला तर तो किडनी हळूहळू निकामी करतो.

रक्तस्राव हा खरा धोका आहे. काहींना रक्त द्यावं लागतं. क्वचित आठवड्या-दोन आठवड्यांनी, घरी गेल्यावर, अचानक लालभडक लघवी आणि गुठळ्या सुरू होतात. असं झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

प्रतिसाद २

माझं स्वतःचं पीसीएनएल झालंय. पाठीची जखम मला फारशी जाणवली नाही. त्रास झाला तो डीजे स्टेंटचा. किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली ही बारीक नळी असते. लघवी करताना कुशीत वर कळ चढायची, आणि आत्ताच जाऊन आलो तरी पुन्हा जावंसं वाटायचं. यावर गोळ्या मिळतात, आईंना गुपचूप सोसू देऊ नका. आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याच. तो विसरला तर त्यावरच खडे चढतात.

प्रतिसाद ३

ऍस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. ती हृदयासाठी असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलायला सांगा. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवा. त्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कल्चरचा रिपोर्ट आज आला, प्रोटियस नावाचा जंतू निघालाय. आधी औषधाचा कोर्स, मग पीसीएनएल, असं आता ठरलंय. आईला नळीची जाडी मोजपट्टीवर दाखवली तेव्हा तिची भीती बरीच कमी झाली. डापाग्लिफ्लोझिन तिच्या गोळ्यांत आहे, उद्याच विचारते.

एक राहिलं. निघालेला खडा तपासायला द्यायचा का?

प्रतिसाद १

हो, नक्की. घटक तपासायला द्या, आणि खड्याचं कल्चरही करायला सांगा, कारण लघवी स्वच्छ आली तरी खड्यात जंतू सापडतात. प्रोटियस आहे म्हणजे स्ट्रुव्हाइटचा, म्हणजे जंतुसंसर्गातून बनणारा खडा असण्याची शक्यता बरीच आहे. त्याचा बारीक तुकडा जरी आत राहिला तरी तो पुन्हा वाढतो. म्हणून नंतर तपासणी करून किडनी पूर्ण मोकळी झाल्याची खात्री करून घ्या. घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला तर लगेच फोन करा.