सरकारी पैसा मोंढ्यात येतो, पण थांबतो किती?

हार्डवेअरवाला, परभणी

बाजार थंड झाला की सरकारनं खर्च वाढवावा, लोकांच्या हातात पैसा खेळला की दुकानं चालतात, दुकानं चालली की कारखाने चालतात, असं टीव्हीवरचे जाणकार सांगतात. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पाइप, पत्रे, खिळे विकतो. पण हा पैसा आमच्यापर्यंत येताना कुठं जिरतो, ही शंका काही जात नाही.

मे २०२० मध्ये २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातलं आमच्या गल्लीत आलं ते कर्ज. २९ फेब्रुवारीला बँकेचं जेवढं देणं होतं, त्याच्या २० टक्के आणखी घ्या, हमी सरकारची. अहो, हमी बँकेला, हप्ता मला! गिऱ्हाईकच नाही तर उसनवारी करून माल भरायचा कुणासाठी? मी घेतलं नाही. शेजाऱ्यानं घेतलं, तो दुकान बंद झाल्यावरही फेडतच होता.

दुसरं, रस्ते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला. मशिनरी बाहेरची, ऑपरेटर बाहेरचे, कंत्राटदार बाहेरचा. आपल्याकडचा मुरूम तेवढा गेला. आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज दिला होता. ते फेडायला बाहेरचा कंत्राटदार येणार नाही.

मोंढेकरी, जालना

मालक, नुसता मुरूम कसा? मावेजा, म्हणजे जमिनीचा मोबदला, विसरलात का? समृद्धीत रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, पाचपटीपर्यंत मावेजा मिळाला. आमच्या बाजूला त्या पैशातून प्लॉट झाले, ट्रॅक्टर आले, पोरींची लग्नं उरकली. काहींनी गाड्या घेऊन उडवलाही, पण शोरूमही इथलंच होतं ना?

आणि लाडकी बहीणचं बोला. ऑगस्ट २०२४ ला राखीच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून तीन हजार खात्यात पडले. त्या आठवड्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कडेच्या किराणा दुकानांत उभं राहायला जागा नव्हती. माझ्या मेव्हण्याच्या उधारीच्या वहीत पानंच्या पानं कटली. दिल्लीतल्या पॅकेजचं मला कळत नाही, वही मात्र वाचता येते.

हार्डवेअरवाला, परभणी

उधारी फिटली म्हणजे मागचा माल फिटला. नवा किती उचलला, ते मेव्हण्यांना विचारा.

आता माझी वही ऐका. एका खात्याचं काम घेतलेल्या छोट्या कंत्राटदारानं माझ्याकडून पाइप आणि जाळी नेली. काम झालं, फोटो निघाले, फीत कापली. बिल निघेना. तो म्हणतो वरून निधी नाही, ऑफिस म्हणतं मार्चमध्ये बघू. कोणता मार्च ते सांगत नाहीत. थकीत बिलांसाठी कंत्राटदार राज्यभर आंदोलनं करतायत ती उगीच नाहीत. लाडकी बहीणसाठी पहिल्या अर्थसंकल्पात वर्षाला ४६ हजार कोटी धरले होते. ते कुठून तरी वळवावेच लागणार. म्हणजे बहिणीच्या खात्यात दीड हजार पडले आणि माझ्या गल्ल्यातले अडकले. ह्याला बाजार उठवणं म्हणायचं?

माजी बँकवाला, लातूर

तुम्ही दोघं तीन गोष्टी एकात कालवताय. खात्यात पडणारी मदत वेगळी, रस्त्याचा खर्च वेगळा आणि मंदीत मुद्दाम ओतलेला पैसा वेगळा. तिसऱ्याला वेळेचं बंधन असतं. २००८ ला जगात मंदी आली तेव्हा केंद्रानं डिसेंबरात उत्पादन शुल्क कमी केलं, शेतकऱ्यांची कर्जमाफी त्याच वर्षी होती, वित्तीय तूट अडीच टक्क्यांवरून सहावर गेली. धंदा सावरला. पण तो हात लवकर आखडला नाही आणि पुढची दोन-तीन वर्षं महागाईनं लोकांना भाजून काढलं. तेव्हा मी काउंटरला होतो. मुदत ठेवीचं व्याज घ्यायला आलेले म्हातारे डाळीचे भाव सांगून जायचे.

कर्जाच्या आकड्याला एवढं भिऊ नका. साऱ्या राज्याच्या (नुसत्या सरकारच्या नव्हे) वर्षाच्या एकूण उत्पन्नाशी ते पाचव्या हिश्शाच्या आतच धरलं होतं. भ्यायचं तर त्याच अर्थसंकल्पातल्या ४५ हजार कोटींच्या महसुली तुटीला भ्या. कर्ज काढून विहीर पाडली तर समजू शकतो, कर्ज काढून किराणा भरणं चालत नाही.

कोयत्याची लेक, केज

काका, ज्याच्या घरात किराणाच नाही त्याला हे सांगू नका.

माझे दीड हजार कुठं जातात हे सगळेच विचारतात. सांगते. खाजगी फायनान्सचा आठवड्याचा हप्ता असतो, गटातल्या बायका एकमेकींना जामीन. पैसे आले की मंगळवारी साहेब मोटारसायकलवर येतो आणि घेऊन जातो. म्हणजे हार्डवेअरवाल्या दादांचं अर्धं खरं आहे, पैसा गावात एक रात्र राहतो. पण हा हप्ता नसता दिला तर नवऱ्याला ऊसतोडीच्या मुकादमाकडून आणखी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यावी लागली असती, आणि उचल घेतली की सहा महिने ऊसतोडीला जावंच लागतं. तेवढं एक वर्ष टळलं, लेकरांची शाळा बुडली नाही. हे तुमच्या कोणत्या खात्यात लिहिता?

शक्तिपीठ महामार्गाला ८६ हजार कोटींच्या वर खर्च धरला होता. ते कुठं जाणार, हे मात्र आम्हाला हप्त्याचं विचारणारे कुणी विचारत नाहीत.

पाझर तलाव, धाराशिव

ताईंशी सहमत, पण रोख वाटपापेक्षा जुनं मॉडेल बरं होतं असं माझं मत. ७२ च्या दुष्काळात आमच्या आज्यानं खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या कामातून निघालेला तलाव आजही गावाच्या वरच्या अंगाला आहे, चांगल्या पावसात खालच्या विहिरींना पाणी चढतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी रोजगार हमीचा विचार मांडला, १९७७ ला कायदा झाला, आणि खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या पगारातून कापलेला पैसा थेट आमच्या बांधावर. मजुरी गावात, तलावही गावात.

मोंढेकरी, जालना

७२ चं कौतुक पुरे. आता मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव एकाचं, काम जेसीबीचं, आणि बिलातली टक्केवारी तिसऱ्याची. १५ दिवसांत मजुरी द्यायची असं मनरेगाच्या कायद्यात लिहिलं होतं. मजूर तेवढं थांबतो होय? त्यापेक्षा पैसे थेट खात्यात पडलेले बरे. मधला माणूस तरी गेला.

पाझर तलाव, धाराशिव

मधल्या माणसाबद्दल आडत्यानं बोलावं! सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ रुपये. तुमच्या मोंढ्यात कितीला गेलं? हमीभावानं वेळेत खरेदी झाली असती तर मराठवाड्याला दुसरं कुठलंच पॅकेज लागलं नसतं.

मोंढेकरी, जालना

भाव मी ठरवत नाही, तेलाच्या आयातीवर ठरतो. खरेदी केंद्रात ओलावा जास्त म्हणून परत पाठवलेला माल आम्हीच घेतो, रोख देऊन. असो. हार्डवेअरवाले, तुमचं ते बिल निघालं तर आधी काय कराल? खरं सांगा.

हार्डवेअरवाला, परभणी

आधी घाऊकवाल्याचं देणं. तो पुण्याचा. म्हणजे माझ्याच हातानं पैसा पुण्याला जाणार, बघा.

माजी बँकवाला, लातूर

आणि त्याच्या गोदामात माल चढवायला कोण आहे? निम्मी पोरं आपल्याच जिल्ह्यांतली. महिन्याला ती घरी पैसे पाठवतात.

हार्डवेअरवाला, परभणी

पाठवतात खरं, खोलीभाडं आणि खानावळ भागवून उरलं तर. माझा पुतण्या दिवाळीला उलट इथूनच घेऊन गेला. ते राहू द्या. छोट्या कंत्राटदाराचं बिल कोणत्या टेबलावर अडकलंय हे बाहेरच्या माणसाला बघता येतं का? तो सांगतो त्यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही.