मदत हवी आहे: प्रसूतीच्या दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल पडलंय का, हाताने कसं ओळखता?

पाटण तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. सीटीजी मशीन (बाळाचे ठोके आणि कळा सतत नोंदवणारं) नाही, डॉपलर (ठोके ऐकायचं छोटं यंत्र) आणि पार्टोग्राफवर (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) काम चालतं. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा म्हणजे धोका, हे माहीत आहे, मोजणं जमतं. अडतं ते मधल्या विश्रांतीपाशी. फंडसवर (गर्भाशयाच्या वरच्या टोकावर) तळवा सपाट ठेवते, लघवी करायला लावते, डाव्या कुशीवर वळवते. तरी अंगाने जाड किंवा घाबरून पोट आवळून धरणाऱ्या बाईचं पोट कळ ओसरल्यावरही घट्टच लागतं. कळा वाढवायचं इंजेक्शन आम्ही देत नाही. रक्तस्राव, लाकडासारखं कडक पोट किंवा बाळाचे ठोके मिनिटाला ११०-१६० च्या बाहेर असतील तर लगेच १०८ बोलावून कराडला पाठवतो.

पण ठोके ठीक, रक्तस्राव नाही आणि विश्रांती मिनिटभरही वाटत नाही, तेव्हा आवळलंय ते पोटाचे स्नायू की गर्भाशय, हे हाताला कशावरून कळतं? आणि किती वेळ पाहून रेफर करता?