जनरल लूनाला आपल्याच माणसांनी का मारलं?

भांडुपकर:
मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सुट्टीवर घरी. आमच्या क्रूत निम्मे फिलिपिनो, त्यातला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, जनरल अंतोनियो लूनाचा विषय निघाला की थांबतच नाही. म्हणतो अमेरिकेशी लढणारा आमचा एक नंबर सेनानी, आणि त्याला मारलं राष्ट्राध्यक्ष आगिनाल्दोच्याच गार्डांनी, ५ जून १८९९ ला. युद्ध फेब्रुवारीत सुरू झालेलं. ऐन लढाईत असा माणूस कोण मारतं राव? हुकूम आगिनाल्दोचा होता का?

गिरगाव_चाळ:
हुकमाचा लेखी पुरावा नाही, आगिनाल्दो नाहीच म्हणत राहिला. पण गार्ड कोण ते बघ ना. काविटची तुकडी, आगिनाल्दोच्या गावची. मनिलाजवळच्या कालोओकानला हल्ला करा म्हटल्यावर हे जागचे हलले नाहीत, आम्ही फक्त आगिनाल्दोचं ऐकतो म्हणे, म्हणून लूनाने त्यांची हत्यारं काढून घेतलेली. नंतर तेच काबानातुआन गावी आगिनाल्दोच्या मुख्यालयाच्या पहाऱ्यावर! तार आली म्हणून लूना तिकडे गेला तर आगिनाल्दो साहेब आधीच निघून गेलेले, वर भेटला कोण तर मंत्री बुएनकामिनो, ज्याच्या पूर्वी थोबाडीत दिली होती. वाजलं दोघांचं, तेवढ्यात खाली गोळीचा आवाज, लूना तावातावाने खाली उतरला आणि कॅप्टन हानोलिनोने बोलोचा, म्हणजे त्यांच्या कोयत्याचा, वार केला, मग बाकीचे गोळ्या आणि सुरे घेऊन तुटून पडले. सोबतचा कर्नल रोमान पण गेला. लूनाला लष्करी इतमामात पुरलं आणि शिक्षा कोणालाच नाही. आता काय ते समजून घे.

मुलुंड_लोकल:
तो पण काही साधू नव्हता हां. मूळचा फार्मसीतला डॉक्टरेट, युद्धशास्त्र नंतर बेल्जियममध्ये शिकलेला, पण डोकं कायम तापलेलं. हुकूम मोडला की विनाचौकशी गोळी, असं फर्मानच होतं. एप्रिलमध्ये जनरल मास्कार्दो ऐकत नाही म्हणून हा बागबाग नदीवरची फळी सोडून, माणसं घेऊन त्याला वठणीवर आणायला गेला आणि तिकडे अमेरिकन नदी पार करून आले. मला तरी हे माफ करण्यासारखं वाटत नाही.

सातारी_मुंबईत:
डिट्टो संताजी घोरपडे. शिस्तीला कडक, राजाराम महाराजांशी बिनसलं आणि १६९७ मध्ये नागोजी मानेने घात केला.

गिरगाव_चाळ:
थोडा फरक आहे भाऊ. संताजींच्या मागे धनाजी होते, पुढे ताराबाईंनी लढाई चालू ठेवली. इथे लूनाच्या तोडीचा कोणी उरला नाही. नोव्हेंबरपर्यंत उघड्या मैदानातली लढाई सोडून गनिमी काव्यावर यावं लागलं, आणि मार्च १९०१ मध्ये आगिनाल्दोच पकडला गेला.

भांडुपकर:
थँक्स मंडळी. मास्कार्दोचं बोसन एका शब्दाने बोलला नव्हता, लबाड. जहाजावर गेलो की हाच विषय काढतो.