घाटरस्त्यावरील खड्ड्यांना किलोमीटर क्रमांक द्यायचे आहेत : पोस्टजीआयएसमधील कोणती रेषा-फंक्शने वापरावीत?

नीराकाठ
नमस्कार. भोरकडून घाटाकडे जाणाऱ्या ३८ किलोमीटरच्या एका रस्त्याची पाहणी आम्ही दोघींनी दुचाकीवरून केली आणि १,३४० खड्ड्यांची ठिकाणे, छायाचित्रांसह, मोबाईलच्या जीपीएसने नोंदवली. आता प्रत्येक खड्ड्यापुढे, अंदाजपत्रकात लिहितात तसा, १२/४०० (म्हणजे १२ किलोमीटर ४०० मीटर) असा किलोमीटर क्रमांक लिहायचा आहे. काम पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती हाताळणाऱ्या डेटाबेसमध्ये, करत आहोत. रस्त्याची रेषा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतली. ती ५७ तुकड्यांत आली. एसटी_लाइनमर्जने तुकडे जोडले, परंतु निकाल एसटी_लाइनलोकेटपॉइंटला दिल्यावर पहिला घटक रेषा नसल्याची चूक येते. सर्वांत लांब तुकडा वेगळा काढून पाहिला तेव्हा अपूर्णांक (बिंदू रेषेच्या किती भागावर आहे तो) मिळाला, पण त्याला एसटी_लेंथने गुणल्यावर उत्तर ०.०८ आले. लॅपटॉप आठ जीबीचा आहे, खर्चाची मर्यादा तीन हजार रुपये आणि मुदत दोन आठवड्यांची आहे. कृपया मार्ग सुचवावा.

सह्यकडा
ताई, मूळ अडचण डेटाबेसची नाही, बिंदूंची आहे. घाटात एका बाजूला कडा असला की अर्धे आकाश झाकले जाते आणि मोबाईलची नोंद दहा-पंधरा मीटर सहज सरकते. मी गेल्या वर्षी दुहेरी फ्रिक्वेन्सीचा जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून ठिकाण सांगणारा) रिसीव्हर घेतला आणि तेव्हापासून रस्त्याचा डावा-उजवा काठसुद्धा वेगळा ओळखता येतो. किंमत लाखाच्या घरात जाते, पण हे काम पुढेही करायचे असेल तर तो घ्याच आणि पाहणी पुन्हा करा.

रेषाकार
तीन हजारांत लाखाचा रिसीव्हर कसा येणार, हे मला कळले नाही. विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

०.०८ हे उत्तर अंशांत आहे, कारण तुमची रेषा ४३२६ या एसआरआयडीत (निर्देशांक पद्धतीच्या क्रमांकात), म्हणजे अक्षांश-रेखांशांत आहे. रेषा आणि बिंदू दोन्ही एसटी_ट्रान्सफॉर्मने ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात न्या. लांबी मीटरमध्ये मिळेल.

लाइनमर्जनंतरही बहुरेषा (एकसंध रेषेऐवजी सुट्या रेषांचा संच) उरण्याची कारणे मुख्यतः दोन असतात. दोन तुकड्यांची टोके तंतोतंत एकाच बिंदूवर नसतील तर ते जोडले जात नाहीत, आणि जिथे तीन किंवा अधिक रेषा मिळतात तिथे हे फंक्शन जाणूनबुजून थांबते. एखाद्या गावाचा फाटा तुमच्या निवडीत आला असेल तर मुख्य रस्ता त्या फाट्यावर तुटलेलाच राहील. तुम्ही रस्त्याच्या नावावरून तुकडे निवडले असतील तर पूल आधी तपासा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पूल हा वेगळा तुकडा असतो आणि पुष्कळदा त्यावर रस्त्याचे नाव नोंदवलेले नसते. मग नेमकी ओढ्यावर फट पडते. एसटी_डंपने भाग वेगळे करून त्यांची टोके क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर पाहिलीत तर पाच मिनिटांत उलगडा होईल.

वऱ्हाडी_नकाशा
३२६४३ हा आकडा डोळे झाकून वापरू नका, असे मी प्रत्येक धाग्यावर सांगतो. ४३ वा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशाला संपतो. अमरावती त्यात बसते, वर्धा आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात जातात. अमरावती आणि नागपूर यांच्यामधल्या एका रस्त्याच्या कामात नकाशाचे अर्धे थर एका पट्ट्यात आणि अर्धे दुसऱ्यात होते. त्या घोळात माझे चार दिवस गेले. त्यापेक्षा भूमिती जिऑग्राफी या, पृथ्वीच्या गोलाईवर मोजणाऱ्या प्रकारात बदलून लांबी मोजावी, म्हणजे पट्ट्याचा प्रश्नच येत नाही.

रेषाकार
भोर ७४ अंशांच्याही पश्चिमेला आहे. येथे ४३ वा पट्टाच योग्य आहे.

वऱ्हाडी_नकाशा
पट्टा योग्य असला तरी यूटीएमचे प्रमाण (नकाशावरील लांबी भागिले प्रत्यक्ष लांबी) एक नसते. मध्य रेखांशावर ते ०.९९९६ असते, म्हणजे एका किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी भरतात. भोरजवळ ही तूट २०-२५ सेंटीमीटरच्या आसपास येईल आणि ३८ किलोमीटरमध्ये ती आठ-नऊ मीटर होईल.

मैलकामगार
मी तीस वर्षे रस्त्यांच्या कामावर होतो, म्हणून लिहितो. तुम्ही सेंटीमीटरवर वाद घालत आहात, पण घाटाचा चढ दोघांनीही विचारात घेतलेला नाही. सहा टक्के चढावर प्रत्यक्ष रस्ता त्याच्या नकाशावरील लांबीपेक्षा किलोमीटरमागे सुमारे १.८ मीटर अधिक भरतो, म्हणजे तुमच्या प्रमाणाच्या तुटीच्या कितीतरी पट. त्याहून महत्त्वाचे असे की अंदाजपत्रकातील किलोमीटर क्रमांक हा रस्त्याकडेच्या दगडांवरून धरला जातो. वळण सरळ केले, नवा पूल झाला, तरी दगड पुष्कळदा जुन्याच जागी राहतात. तुमचे गणित १२/४०० म्हणेल आणि जागेवर उभा असलेला माणूस १२/४६० म्हणेल; बिल मात्र दगडावरून निघेल. आणि एक विनंती, याला ‘चेनेज’ म्हणू नये; आपल्याकडे साखळी क्रमांक हा चांगला शब्द आहे.

कोकणवाट
‘चेनेज’ हा शब्द या धाग्यावर अद्याप कोणी वापरलेला नाही. मात्र दगडांचा मुद्दा अगदी बरोबर आहे.

माझा अनुभव हेअरपिन वळणांचा आहे. एसटी_लाइनलोकेटपॉइंट बिंदूला सर्वांत जवळचे रेषेवरील ठिकाण शोधते. तुम्ही त्या वेळी रस्त्याच्या कोणत्या भागावर होता हे त्याला माहीत नसते. वळणाच्या दोन भुजा वीस मीटर अंतरावर असतील आणि जीपीएस बारा मीटर सरकला असेल तर खालच्या भुजेवरचा खड्डा वरच्या भुजेवर जाऊन बसतो. माझ्या यादीत १२/३०० चा खड्डा असाच १२/९०० ला गेला होता आणि ठेकेदाराचा माणूस खडीचा ट्रक घेऊन भलत्याच जागी उभा राहिला. यावर उपाय असा की बिंदू वेळेनुसार लावावेत आणि मागील बिंदूच्या पुढेमागे तीनशे मीटरचा भाग एसटी_लाइनसबस्ट्रिंगने कापून पुढचा बिंदू तेवढ्याच भागावर शोधावा. त्याला द्यायचे अपूर्णांक शून्य ते एक यांच्या आत असावेत आणि पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नसावा, अन्यथा चूक येते. रेषेची दिशाही आधी तपासा. लाइनमर्जनंतर ती उलटी निघालेली मी पाहिली आहे. तसे असेल तर एसटी_रिव्हर्स वापरा.

पुणेकर_डेटा
४३२६ मध्ये लांबी अंशांत येते. ३२६४३ वापरा. मी नेहमी तेच वापरतो आणि कधीही अडचण आली नाही. रस्ता खड्ड्यांच्या ठिकाणी कापायचा असेल तर एसटी_स्प्लिट आहेच.

रेषाकार
हे वर सांगून झाले आहे. एसटी_स्प्लिटविषयी मात्र सावध राहावे. बिंदू रेषेच्या अगदी तंतोतंत वर असल्याशिवाय ते रेषा कापत नाही, आणि एसटी_क्लोजेस्टपॉइंटने काढलेला रेषेवरील सर्वांत जवळचा बिंदूसुद्धा दशांशाच्या शेवटच्या घरात हुकतो. रेषा न कापता तशीच परत येते आणि चूकही दाखवली जात नाही, त्यामुळे दोष लवकर लक्षात येत नाही. अपूर्णांक काढून एसटी_लाइनसबस्ट्रिंगने तुकडा घेणे केव्हाही खात्रीचे.

सह्यकडा
अचूक रिसीव्हर असता तर हेअरपिनचा प्रश्नच उद्भवला नसता, एवढेच पुन्हा सांगतो.

नीराकाठ
सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहीत आहे, कारण मधला वेळ रस्त्यावरच गेला.

फटी पुलांवरच होत्या, दोन ठिकाणी. त्या बुजवूनही एका फाट्यावर रेषा तुटतच राहिली, तेव्हा तुकडे जोडण्याचा नाद मी सोडला. आमच्या दुचाकीची संपूर्ण फेरी मोबाईलमध्ये नोंदलेली होती. ती आणि उपग्रह छायाचित्र समोर ठेवून क्यूजीआयएसमध्ये भोरच्या बाजूने एकच रेषा हाताने काढली. त्याला दीड दिवस लागला. त्यानंतर मैलकामगार काकांच्या सांगण्यावरून पुन्हा जाऊन किलोमीटरचे दगड नोंदवले. दोन दगड सापडले नाहीत. एका ठिकाणी गवतात नुसता पाया होता. दगडादगडामधला प्रत्येक तुकडा लाइनसबस्ट्रिंगने वेगळा केला, त्याला एसटी_ॲडमेजरने मापे दिली (जसे १२ ते १३ या दगडांमधल्या तुकड्याला १२००० ते १३०००) आणि त्या-त्या तुकड्याजवळच्या खड्ड्यांचे माप एसटी_इंटरपोलेटपॉइंटने काढले. दगड नसलेल्या ठिकाणी दोन किलोमीटरचा एकच तुकडा धरला. दगडांमधले अंतर कुठे ९७० मीटर, कुठे १,०४० मीटर भरले. पण आता आमचा क्रमांक जागेवरच्या क्रमांकाशी जुळतो. चढ आणि यूटीएमची तूट या दोन्हींचा वेगळा हिशेब ठेवावा लागला नाही.

वेळेनुसार तीनशे मीटरचा भाग पाहण्याचा उपाय मात्र आमच्याकडे चालला नाही, कारण छायाचित्रांसाठी आम्ही अनेकदा मागे वळून खाली गेलो होतो. वळणाजवळचे ६२ खड्डे शेवटी छायाचित्रे पाहून हातानेच लावले. चढताना खालच्या भुजेवर डोंगर ज्या हाताला असतो, वळण घेतल्यावर तो त्याच्या विरुद्ध हाताला येतो. आमची सगळी छायाचित्रे चढाच्या दिशेने तोंड करून काढलेली असल्यामुळे प्रत्येकाची भुजा एका नजरेत ओळखता आली. पेट्रोलचे सहाशे रुपये झाले. रिसीव्हर घेतलेला नाही.

मैलकामगार
तो पाया सापडला त्या जागेचेही एक छायाचित्र यादीसोबत जोडावे. दगड पुन्हा बसवताना तेच उपयोगी पडेल.