झीरो बिअर युरिक अ‍ॅसिडवाल्याला चालते का?

रंकाळाकाठ:
मंडळी जरा सांगा. युरिक अ‍ॅसिड वाढलंय, डॉक्टरांनी बिअर बंद केली. आता ग्रुपमधली पोरं म्हणतात झीरो घे की, त्यात दारूच नाही, वर बार्ली, हॉप्स, बी व्हिटॅमिन म्हणजे हेल्थ ड्रिंकच झालं. रविवारी मटणाबरोबर एक कॅन चालंल का? पायाचा अंगठा एकदा असला ठणकलाय की चादर लागली तरी बोंब मारत होतो.

तालमीतला:
भावा, युरिक अ‍ॅसिड दोन्हीकडनं वाढतंय बघ. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि यीस्टमधलं प्युरीन, ज्याचं अंगात युरिक अ‍ॅसिड होतंय, हे एक, आणि अल्कोहोलमुळं किडनी ते बाहेर टाकायला कमी पडते हे दुसरं. झीरोत दुसरं गेलं, पहिलं हाय तिथंच. म्हणजे साध्या बिअरपेक्षा बरी, पण औषध न्हवं. आणि मर्दा, प्युरीन पाण्यात उतरतंय, म्हणजे मटणाचं बरंचसं ते शिजवलेल्या अळणी पाण्यात. त्याचाच पांढरा रस्सा वाटीवर वाटी ओढणार आणि हिशोब कॅनचा विचारतोस व्हय?

माल्टवाली:
फूड टेक शिकलेय म्हणून लिहिते. 'हेल्थ ड्रिंक'वाले जो अभ्यास नाचवतात तो २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनचा, २७७ धावपटूंपैकी साधारण निम्म्यांना रोज एक ते दीड लिटर बिनदारूची बिअर दिली आणि त्यांना बाकीच्यांपेक्षा सर्दी-खोकला कमी झाला असं निघालं. अभ्यास खोटा नाही, पण त्याला पैसा बिअर कंपनीचाच होता, आणि ती माणसं ४२ किलोमीटर पळणारी, आपण रंकाळ्याला एक फेरी मारून भेळ खाणारे. दादा, कॅनच्या मागं शंभर मिलीला साखर किती ते बघा, काही ब्रँडमध्ये बरीच असते, आणि वरनं घातलेल्या साखरेतल्या फ्रुक्टोजनं पण युरिक अ‍ॅसिड वाढतं.

रंकाळाकाठ:
रस्सा सोडा म्हणजे कोल्हापूर सोडा म्हटल्यासारखं झालं 😄 मग कोंबुचा, तो आंबवलेला चहा?

माल्टवाली:
त्यातही साखर बघूनच घ्या, आणि पाश्चराइज केलेला असेल तर जिवंत जंतू नसतातच. आंबवलेलंच पाहिजे तर आंबील करा ना. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, पण ताक मात्र पूर्ण गार झाल्यावरच घालायचं, नाहीतर ताकातले जंतू पण मरतात. वरनं लसूण-जिरं, मीठ बेतानं.

तालमीतला:
आणि रस्सा एकच वाटी. दुसरी माझ्याकडं सरकवायची.