बोलण्यावर चालणारा स्पीकर आणि आपलं माणूस : तुमचे अनुभव लिहा

काल दुपारी दोन तास वीज नव्हती. स्पीकर मुका झाला आणि बाबा आठवले. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून "किती वाजले गं?" हे दिवसातून वीसदा. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्ताच सांगितलं ना!" त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं. २०१९मध्ये अलेक्साला, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या या बोलणाऱ्या स्पीकरला, हिंदी यायला लागलं, तेव्हा आणली. पहिल्याच रात्री दोन वाजता खोलीतून आवाज, "अलेक्सा, टाइम क्या हुआ?" परत अडीचला. परत तीनला. मी अंथरुणात पडून रडले.
तुमच्याकडे कोण वापरतं?

*

ताई, गलबलून आलं. आमच्या दादाला मानेखाली हालचाल नाही. पंखा, दिवा, टीव्ही सगळं बोलून. पण कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्ब काही ऐकत नाही, दादा अंधारात. आता बटणावर चिकटपट्टी लावलीय. मावशींनाही सांगून ठेवलंय.

*

अर्धांगवायूनंतर आईला 'अलेक्सा' म्हणता येईना, जीभ जड. हाकेचा शब्द बदलून 'इको' केला. दहातल्या सहा वेळा दिवा लागतो. लागला की आमच्याकडे बघून हसते.

*

मराठी कधी येणार अलेक्साला?? फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८पासून येतं. आमची आजी "पंखा बंद करो" म्हणताना तोंडाला पदर लावते 😄

*

हे बोलू शकणाऱ्यांचं झालं. माझी मुलगी ऐकत-बोलत नाही. पडद्याचा इको (अलेक्साचाच स्पीकर) घेतला, त्यात बोटाने टॅप करून सांगता येतं, उत्तर अक्षरांत दिसतं. इंग्रजीत, पण ती खूश आहे. पाहुणे आले की आधी तेच दाखवते.

*

वीज गेल्यावर काय करता सगळे? राउटरला छोटा यूपीएस लावलाय, पण स्पीकरला कुठे बॅटरी आहे.

*

^ दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. दादाच्या खोलीचा तेवढा एक पॉइंट वायरमनकडून करून घेतला. नळाला पाणी आलंय, बाकी नंतर.

*

आमच्या काकांकडे बोलणारं घड्याळ होतं. मनगटावरचं बटण दाबलं की वेळ सांगायचं. सेलवर चालायचं, नेट नको, वीज नको.

*

असं घड्याळ मिळतं हे मला माहीतच नव्हतं. ती मधली चार वर्षं बाबा कुणालाच वेळ विचारत नव्हते.